पुन्हा पहिला अंक

जून 1938 ही तारीख छापलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो लांबच लांब उड्या मारायचा, इमारती ओलांडायचा, आगगाडीच्या पुढे धावायचा आणि पुन्हा जमिनीवर यायचा. त्या पहिल्या कथेत परग्रहावरचा कुणी राक्षस नाही की जग बुडवायला निघालेला वेडा शास्त्रज्ञ नाही. विजेच्या खुर्चीकडे निघालेल्या एका निरपराध बाईला वाचवण्यासाठी सुपरमॅन रात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो, बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला वठणीवर आणतो आणि लाचखाऊ सिनेटरच्या मागे लागतो. महामंदीची झळ सोसलेल्या क्लीव्हलँड शहरातल्या दोन ज्यू तरुणांनी, जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी, आपल्या भोवतालच्या अन्यायांची यादी करावी आणि त्यांना उत्तर म्हणून एक माणूस कल्पावा, अशी ही कथा आहे. अवकाशात भराऱ्या घेणारा आणि डोळ्यांतून आग सोडणारा आजचा सुपरमॅन पुढच्या लेखक-चित्रकारांनी वर्षानुवर्षे भर घालत घडवला.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, जुन्या नायकांच्या नव्या अवतारांचा विषय निघाला की ‘मूळचा नायक बिघडवला’ ही तक्रार हमखास येते. मूळचा म्हणजे कुठला? प्रत्येक पिढीला तिच्या लहानपणी हाती आलेला नायक मूळचा वाटतो. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन ही पात्रे ऐंशी वर्षांहून अधिक काळ दरमहा छापली जात आहेत. त्यांचे निर्माते गेले, पहिले वाचक आजोबा-पणजोबा झाले, पण नायक तिशीच्या आसपास थांबला आहे. अशा पात्राला पुन्हा पुन्हा नव्याने सांगण्यावाचून गत्यंतरच नसते. या पुस्तकातले लेख त्या पुन्हा सांगण्याविषयी आहेत. ते कुणी केले, कशासाठी केले, कुठे साधले आणि कुठे फसले, याचा शोध त्यांत आहे.

या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि पुढचे सगळे लेख त्याच मताच्या आधाराने उभे आहेत. सुपरहिरोचा गाभा त्याने घेतलेल्या एका निर्णयात असतो. शक्ती, पोशाख, शत्रूंची रांग, साचलेला इतिहास हे सगळे त्या निर्णयाभोवतीचे सामान. सगळ्यांवर सत्ता गाजवू शकेल असा सुपरमॅन सेवा करायचे ठरवतो. आईवडिलांचा खून पाहिलेला मुलगा, म्हणजे पुढचा बॅटमॅन, सूड एका मारेकऱ्यावर न उगवता शहरातला गुन्हाच संपवण्याची शपथ घेतो. समोरून पळणाऱ्या चोराला अडवायचा कंटाळा करणारा पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, त्याची किंमत काकांच्या मृत्यूने मोजतो आणि पुन्हा तसे वागायचे नाही असे ठरवतो. ज्यांनी हा निर्णय ओळखला आणि आजच्या वाचकापुढे तो पुन्हा अवघड करून मांडला, त्यांचे काम टिकले. ज्यांनी फक्त सामान बदलले त्यांचे काम काही वर्षांत विस्मरणात गेले.

मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. मोरोपंतांनी रामायण एकशे आठ वेळा रचले असे परंपरा सांगते. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी प्रत्येक वेळी नवा नियम, नवी रचना, नवे बंधन घेऊन ती पुन्हा उभी करण्यात कवीला आपले कसब दिसत होते. गोष्ट ठाऊक असणे हा ऐकणाऱ्याच्या आनंदातला अडथळा नव्हता. सुपरहिरो कॉमिक्सच्या वाचकालाही सुपरमॅनचा जन्मग्रह क्रिप्टॉन नष्ट होणार हे ठाऊक असते. त्याला या वेळचा सांगणारा काय करतो ते पाहायचे असते.

आता थोडा इतिहास. दुसरे महायुद्ध संपले आणि सुपरहिरोंची मागणी झपाट्याने घसरली. हेरकथा, प्रेमकथा, भयकथा आणि गुन्हेकथा यांनी त्यांची जागा घेतली. 1954 साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे कॉमिक्सवर झोड उठवणारे पुस्तक आले, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ लागू करून घेतला. भयकथा आणि गुन्हेकथांवर बंधने आली. रिकामी झालेली जागा भरायला काहीतरी निरुपद्रवी हवे होते.

डीसी कंपनीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी 1956 मध्ये ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात ‘फ्लॅश’ हा बंद पडलेला नायक परत आणला. परत आणला म्हणण्यापेक्षा त्याचे नाव आणि वेग तेवढे ठेवून बाकी सगळे नवे केले असे म्हणणे बरे. 1940 मधला फ्लॅश जे गॅरिक होता आणि डोक्यावर पंख लावलेले शिरस्त्राण घालायचा. नवा फ्लॅश बॅरी अ‍ॅलन हा पोलिसांच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. कार्माइन इन्फॅन्टिनो यांनी त्याला अंगाला चिकटून बसणारा लाल पोशाख दिला आणि वेग दाखवणाऱ्या आडव्या रेषांनी चौकटी भरून टाकल्या. या कथेतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. वीज पडून अंगी वेग येण्यापूर्वी बॅरी अ‍ॅलन जुन्या फ्लॅशचे कॉमिक वाचत असतो. शक्ती आल्यावर आपण तिचे काय करायचे, हे त्याला त्या कॉमिकमुळे सुचते. म्हणजे नवा नायक हा जुन्या नायकाचा वाचक आहे! पुन्हा सांगण्याचा इतका नेमका आणि इतका प्रेमळ खुलासा नंतर कुणाला क्वचितच साधला.

त्या काळचे संपादक असे धरून चालत की मूल चार-पाच वर्षे कॉमिक्स वाचते आणि मग सोडून देते. मागचे आठवणारे कुणी उरतच नाही, तर जुळवाजुळव करायची कशाला? पण काही वाचकांनी कॉमिक्स सोडले नाही. ते मोठे झाले, पत्रे लिहू लागले, जुने अंक जपू लागले. 1961 मध्ये श्वार्ट्झ यांनीच त्यांच्यासाठी दोन्ही फ्लॅशची भेट घडवली. जुना फ्लॅश खोटा नाही, तो दुसऱ्या एका पृथ्वीवर राहतो, असा तोडगा निघाला. त्याच सुमारास मार्व्हल कंपनीत स्टॅन ली, जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको यांनी एकाच न्यूयॉर्क शहरात राहणारे, एकमेकांना ओळखणारे, भांडणारे नायक उभे केले. एका मालिकेतली घटना दुसरीत आठवली जाऊ लागली. निष्ठावान वाचकाला त्याची चटक लागली. नव्या वाचकापुढे मात्र हळूहळू भिंत उभी राहत गेली. 1980 च्या दशकापर्यंत अवस्था अशी झाली की, सुपरमॅनची एक गोष्ट नीट कळायची तर किती पृथ्व्या आहेत आणि त्यांवर कोण कोण आहे हे आधी माहीत हवे.

त्यावर डीसीने शस्त्रक्रिया केली. 1985-86 मध्ये मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकी मालिकेत अनेक विश्वे नष्ट होऊन एक उरले. सुपरगर्ल मेली, बॅरी अ‍ॅलन मेला. पेरेझ यांनी शेकडो पात्रे एका पानावर गर्दी न वाटता बसवली, हे आजही पाहत राहावे असे आहे. त्यानंतरच्या दोन वर्षांत सगळा मोकळा पट लेखक-चित्रकारांना मिळाला. जॉन बर्न यांनी सुपरमॅनच्या दत्तक आईवडिलांना जिवंत ठेवले आणि त्याचा शत्रू लेक्स लूथर याला धनाढ्य उद्योगपती केले. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी ‘बॅटमॅन: इयर वन’मध्ये चार अंकांत बॅटमॅनचे पहिले वर्ष सांगितले. त्यात बॅटमॅन अडखळतो, जखमी होतो, चुकतो. आणि कथेचा अर्धा भार जिम गॉर्डन हा पोलीस अधिकारी वाहतो. भ्रष्ट खात्यात प्रामाणिक राहायचे की नाही हा गॉर्डनचा प्रश्न बॅटमॅनच्या शपथेइतकाच मोठा होतो.

पण शस्त्रक्रियेची सवय लागली. 1994 मध्ये पुन्हा दुरुस्ती, 2005-06 मध्ये पुन्हा संकट. 2011 मध्ये तर एकाच महिन्यात बावन्न मालिका पहिल्या अंकापासून सुरू झाल्या. सुपरमॅन आणि लोइस लेन यांचे लग्न झालेच नव्हते असे ठरले. पाच वर्षांनी विवाहित, मुलाचा बाप असलेला सुपरमॅन परत आणावा लागला. माझा निष्कर्ष असा आहे की, सगळे विश्व एका फटक्यात स्वच्छ करणे हा प्रकाशकाच्या कपाटाचा प्रश्न आहे. नव्या वाचकाला ते कपाट दिसतही नाही. त्याला एक चांगली गोष्ट पहिल्या पानापासून हवी असते. ‘इयर वन’ टिकले ते अशा गोष्टीमुळे. तिच्या आधी किती विश्वे बुडाली याची चौकशी आज ते वाचणारा कुणीच करत नाही.

न पुसताही नवे करता येते, हे अ‍ॅलन मूर यांनी त्याआधीच दाखवले होते. ‘स्वॅम्प थिंग’ ही मालिका त्यांच्याकडे आली तेव्हा तिचा नायक म्हणजे स्फोटात भाजून दलदलीत पडलेला आणि वनस्पतींनी वेढला गेलेला अ‍ॅलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ, असे वाचक धरून चालले होते. पुन्हा माणूस व्हायचे ही त्याची धडपड. मूर यांनी 1984 च्या एका अंकात शवविच्छेदन घडवले आणि दाखवून दिले की हॉलंड त्या रात्रीच मेला होता. दलदलीतल्या वनस्पतीने त्याच्या आठवणी शोषल्या आणि ती स्वतःला माणूस समजू लागली. जुने एकही पान खोटे ठरले नाही, तरी प्रत्येक पानाचा अर्थ बदलला. परत माणूस होण्याची आशा संपलेल्या या जीवाने आता काय करायचे, हा निर्णय पहिल्यांदाच त्याच्यासमोर आला.

निर्णय तोच ठेवून गती बदलणे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी स्पायडरमॅनची दोन आरंभकथानके शेजारी ठेवून वाचावीत. ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात, 1962 साली, ली आणि डिटको यांनी ती गोष्ट अकरा पानांत संपवली. कोळी चावतो, पीटर कुस्तीत पैसे मिळवतो, दूरदर्शनवर झळकतो, चोराला जाऊ देतो, काका मरतात, मारेकरी सापडतो आणि तो तोच चोर निघतो. एक चौकट वाया गेलेली नाही. डिटको पीटरला वर्गातल्या इतर मुलांपासून नेहमी थोडा वेगळा, कडेला उभा काढतात. संवाद न वाचताही हा मुलगा एकटा आहे हे कळते. बेनकाका मात्र जेमतेम दोन-चार चौकटींत दिसतात. त्यांचा मृत्यू आपल्याला पीटरच्या चेहऱ्यावरून कळतो, कारण त्यांना आपण ओळखतच नसतो.

2000 साली मार्व्हल दिवाळखोरीच्या तडाख्यातून नुकती सावरत होती. तेव्हा ब्रायन मायकेल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्ये त्याच गोष्टीला पहिले सात अंक दिले. बेनकाका आता तरुणपणी हिप्पी असलेले, केस मागे बांधणारे, पुतण्याशी बोलू पाहणारे गृहस्थ आहेत. ते स्वयंपाकघरात बसतात, रागावतात, मनधरणी करतात. पीटर त्यांच्याशी उद्धटपणे वागतो आणि घरातून निघून जातो. म्हणून ते जातात तेव्हा वाचकाच्या घरातले कुणी गेल्यासारखे होते. बेंडिस यांचे संवाद तुटक, एकमेकांवर आदळणारे, शाळकरी मुलांच्या बोलण्यासारखे आहेत. बॅगली यांनी त्यासाठी चेहऱ्यांच्या चौकटी एकामागे एक रचल्या. दोघांनी सलग 111 अंक केले आणि ‘फँटॅस्टिक फोर’वरच्या ली-कर्बी जोडीच्या 102 अंकांना मागे टाकले. जुन्या मालिकेचे चारशेहून अधिक अंक न वाचलेला मुलगा यातला पहिला अंक उचलू शकत होता, हे या यशाचे साधे कारण.

या पीटरला 2011 मध्ये मारण्यात आले आणि त्याची जागा ब्रुकलिनच्या माइल्स मोरालेसने घेतली. वडील कृष्णवर्णीय, आई पोर्तो रिकोची. बेंडिस आणि सारा पिकेली यांच्या माइल्सचा प्रश्न पीटरपेक्षा वेगळा होता. आपल्याला शक्ती आहे हे त्याला आधीच कळलेले असते, पण तो ती लपवतो. पीटर मरतो तेव्हा आपण पुढे आलो असतो तर, ही टोचणी त्याला लागते. बॅरी अ‍ॅलनप्रमाणेच हाही एका आधीच्या नायकाकडे पाहून उभा राहिलेला नायक. त्याच्यावरचा 2018 चा ‘स्पायडरमॅन: इनटू द स्पायडरव्हर्स’ हा चित्रपट ऑस्कर घेऊन गेला. 2024 मध्ये जोनाथन हिकमन यांनी पुन्हा नवा डाव मांडला: पीटर तिशी ओलांडलेला, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. त्याला कोळी चावलेलाच नाही. ती संधी आता समोर येते आणि घ्यायची की नाही हे त्याला विचारले जाते. शाळकरी मुलावर अपघाताने येऊन पडलेली जबाबदारी इथे संसारी माणूस डोळे उघडे ठेवून स्वीकारतो. याच वर्षी स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांनी बॅटमॅनचा वाडा आणि वडिलोपार्जित संपत्ती काढून घेतली. त्यांचा ब्रूस वेन शिक्षकाचा मुलगा आहे, आई हयात आहे, आणि तो शहराच्या बांधकामाची माहिती असलेला अभियंता आहे. पैसा गेल्यावर शपथ उरते का, हा त्या मालिकेचा प्रश्न आहे. उत्तर होकारार्थी आहे, आणि म्हणूनच ती बॅटमॅनची गोष्ट राहते.

कमला खानची गोष्ट याच वाटेने जाते. 2014 मध्ये लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना आणि संपादक सना अमानत यांनी जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातल्या या मुलीला ‘मिस मार्व्हल’ केले. कमला सुपरहिरोंवर जीव टाकणारी, त्यांच्यावर स्वतः कथा लिहिणारी मुलगी. शक्ती मिळताच ती नकळत आपल्या आवडत्या नायिकेसारखी होते: उंच, सोनेरी केसांची, तोकड्या पोशाखातली. आणि तिला ते अजिबात सोसत नाही. केस डोळ्यांत येतात, कपडे अडचणीचे होतात. पुढे ती स्वतःच्या चेहऱ्याने वावरायचे ठरवते आणि पोहण्याच्या बुर्किनीपासून आपला पोशाख तयार करते. दुसऱ्याच्या रूपात शूर होता येत नाही, हे या सुरुवातीच्या अंकांत भाषण न देता सांगितले आहे. पहिल्या खंडाला 2015 चा ह्युगो पुरस्कार मिळाला.

तरीही जुन्यातून नवे काढण्याचा सगळ्यात सुंदर नमुना विचाराल तर मी ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’ या पुस्तकाचे नाव घेईन. 1946 मध्ये अमेरिकेच्या रेडिओवर सुपरमॅनची सोळा भागांची एक मालिका झाली होती. तीत सुपरमॅन बुरखे घालून गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या टोळीशी लढतो. संकटात असते ते एक चिनी कुटुंब. जीन लुएन यांग यांनी 2019 मध्ये ती पुन्हा लिहिली आणि गुरिहिरू या नावाने काम करणाऱ्या दोन जपानी चित्रकर्तींनी रेखाटली. काळ 1946 चाच ठेवला. पण रेडिओवर जवळपास आवाजच नसलेल्या त्या घरातल्या मुलीला, रॉबर्टाला, यांग यांनी मधोमध आणले. चायनाटाउन सोडून नव्या वस्तीत आलेली, बुजरी, सगळ्यांकडे टक लावून पाहणारी मुलगी.

यातली एक युक्ती नीट पाहण्यासारखी आहे. या पुस्तकातला सुपरमॅन उडत नाही. तो पळतो, उड्या मारतो, तारांवरून धावतो. जाणत्या वाचकाला वाटते, ठीक आहे, जुन्या काळातला सुपरमॅन असाच होता. मग हळूहळू उलगडते की त्याला उडता येते, पण त्याने ते स्वतःपासूनही दडवले आहे. लहानपणी त्याची खरी शक्ती पाहून लोक भेदरले होते. तेव्हापासून तो माणसांना सोसवेल इतकाच वेगळा राहत आला आहे. आरशात त्याला परग्रहावरचा अनोळखी प्राणी दिसेल की काय ही धास्ती त्याच्या मनात आहे. आणि हे ओळखते कोण, तर परक्या शहरात स्वतःला आक्रसून घेतलेली रॉबर्टा. 1938 च्या अंकातली एक उणीव, म्हणजे न उडणे, यांग यांनी स्थलांतरिताच्या मनातली भीती केली. दोन ज्यू तरुणांनी दुसऱ्या ग्रहावरून आलेले बाळ कल्पिले होते. स्थलांतरित आईवडिलांच्या पोटी कॅलिफोर्नियात जन्मलेल्या लेखकाने त्या बाळाला विचारले, तुला इथे कधी परके वाटले का? हा प्रश्न पात्रात पहिल्या दिवसापासून होता. तो बाहेर यायला ऐंशी वर्षे लागली. दहा-बारा वर्षांचे मूल हे पुस्तक काहीही माहीत नसताना वाचू शकते, आणि सुपरमॅन कोळून प्यालेल्या वाचकालाही ते नवे वाटते. दोन आयझनर पुरस्कार त्याला मिळाले, ते योग्यच झाले.

आपल्याकडे हे नायक भाषांतराच्या वाटेने आले, आणि भाषांतर हेही पुन्हा सांगणेच असते. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉक यांचा फँटम तिथे मराठीत वेताळ झाला. मूळ मालिकेतला बंगाल्ला देश इथे देंकाली झाला आणि सिंग चाच्यांचे सिंगा चाचे झाले, कारण भारतीय वाचकाला ती नावे खटकली असती. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडले. तोवर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत वेताळाची कवटीची गुहा आणि त्याच्या अंगठीचा ठसा ओळखीचा झाला होता. 2004 मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी मार्व्हलच्या परवानगीने स्पायडरमॅन मुंबईत आणला: पवित्र प्रभाकर. खेड्यातून शिष्यवृत्तीवर आलेला, धोतरामुळे वर्गात चेष्टा होणारा मुलगा. भीमकाका, मायाकाकू, शक्ती देणारा योगी. मदतीची हाक ऐकून न थांबण्याचा, पीटरसारखा अपराधही त्याच्या वाट्याला आला. खेड्यातला मुलगा आणि मुंबईतली श्रीमंत शाळा यांत फार मोठ्या कथेचे बीज होते. पण मालिका चारच अंक चालली आणि बरीचशी जागा नावांच्या जुळवाजुळवीने व राक्षसांनी खाल्ली. मुंबई मागच्या पडद्यावर राहिली. 2023 च्या ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडरव्हर्स’ या चित्रपटात पवित्र परत आला तो मोकळा, हसरा, आपल्या शहरावर माया करणारा म्हणून. भारतात हा चित्रपट मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला. पवित्रची पूर्ण, सावकाश, लोकलच्या गर्दीतून आणि पावसाळ्यातून जाणारी कथा अजून कुणीतरी लिहायची आहे. ती मराठी माणसाने लिहावी असे मला मनापासून वाटते.

या पुस्तकात एक लेख मुद्दाम निर्मात्यांच्या हक्कांवर आहे. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क 130 डॉलरना विकले. पुढे त्यांना हलाखीत दिवस काढावे लागले. 1975 च्या अखेरीस, सुपरमॅनचा मोठा चित्रपट येऊ घातला असताना आणि सहव्यवसायी चित्रकारांनी आवाज उठवल्यावर, त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नाव मिळाले. बॅटमॅनचा पोशाख, त्याच्या गॉथम शहराचे नाव, ब्रूस वेनची घडण यांत ज्यांचा सिंहाचा वाटा होता, त्या बिल फिंगर यांचे नाव बॅटमॅनचे निर्माते म्हणून बॉब केन यांच्यासोबत अधिकृतपणे लागायला 2015 उजाडले. फिंगर 1974 मध्येच वारले होते. नव्या वाचकासाठी जुना नायक घडवणाऱ्या प्रत्येकाने हे देणे डोक्यात ठेवले पाहिजे. ज्यांच्या कल्पनेवर आपण इमला चढवतो त्यांची नावे पहिल्या पानावर असलीच पाहिजेत. याच कारणाने या पुस्तकात प्रत्येक मालिकेबरोबर लेखकाइतक्याच ठळकपणे चित्रकाराचे नाव दिले आहे. मराठीत कॉमिक्सवर लिहिताना चित्रकाराला वगळण्याची वाईट सवय आपण सोडायला हवी.

जुन्या वाचकांना दोन शब्द. माइल्स, कमला, शिक्षकाचा मुलगा असलेला ब्रूस यांच्याबद्दल तुमच्या मनात नाराजी असेल तर तिच्या मुळाशी प्रेम आहे हे मी जाणतो. पण तुमचा स्पायडरमॅन कुणी हिरावून घेतलेला नाही. डिटकोंची ती अकरा पाने आजही छापली जातात, आजही तितकीच धारदार आहेत. उलट नव्या पीटरमुळे किती तरी मुले त्या अकरा पानांपर्यंत उलट्या दिशेने चालत येतात. नायक जपायचा तर तो वाचला गेला पाहिजे. कपाटात बंद केलेल्या अंकाला वाचक नसतो, मालक असतो.

नव्या वाचकांना सांगायचे ते असे की, हे पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. कुठलाही लेख आधी घ्या. त्यात ज्या कॉमिकविषयी लिहिले आहे ते मिळवा आणि लेख अर्धवट सोडून आधी ते वाचा. ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’, ‘बॅटमॅन: इयर वन’, ‘मिस मार्व्हल’चा पहिला खंड आणि ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’चे पहिले सात अंक, यांपैकी कशालाही पूर्वतयारी लागत नाही. वाचताना चौकटींकडे घाई न करता पाहा. फुग्यातला मजकूर संपला म्हणजे चौकट संपली असे नसते. आईवडिलांना आणि शिक्षकांना विनंती आहे की, मूल कॉमिक वाचत असेल तर ‘आता खरे पुस्तक घे’ असे म्हणू नका. ग्रंथालय चालवणाऱ्यांनी एक फळी या पुस्तकांसाठी मोकळी करावी. आणि मराठी प्रकाशकांनी यांतल्या किमान दोन-तीन पुस्तकांचे हक्क घेऊन, चांगल्या कागदावर, रंगांत, लेखक-चित्रकारांच्या नावांसह, आजच्या मुलांच्या मराठीत ती आणावीत. वेताळाची कॉमिक्स मराठीत वाचून एक पिढी मोठी झाली. आजच्या मुलांनाही तोच हक्क आहे.